अजिंक्य घोड्याचा वंश : रायगड किनाऱ्यावरील एका पैदाशीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील घोडा अलिबाग आणि मुरूड यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यावरील एका गावात सोळा वर्षे होता. गावाचे, माणसांचे आणि घोड्याचे खरे नाव येथे दिलेले नाही. घोड्याला आपण मोती म्हणू. प्रस्तुत लेखकाचा या प्रकरणाशी पशुवैद्यक म्हणून संबंध २०१७ मध्ये आला. त्याआधीचा भाग मालकाच्या कुटुंबाने आणि मोती ज्या धनगर वाड्यात (मेंढपाळांच्या फिरत्या तळात) जन्मला त्या वाड्याच्या कारभाऱ्यांनी सांगितलेल्या माहितीवरून, तसेच शर्यतीच्या जुन्या छायाचित्रांवरून जुळवलेला आहे.

मोतीची हकिगत समजण्यासाठी धनगरांच्या कोकणातील फेऱ्याची माहिती असणे आवश्यक आहे. भाताची कापणी उरकली की देशावरचे मेंढपाळ आपले कळप घेऊन घाट उतरतात, मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि मृगाच्या आधी पुन्हा घाट चढतात, कारण कोकणातील पावसाची ओल मेंढ्यांच्या खुरांना सोसत नाही. या संपूर्ण प्रवासात वाड्याचा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. पाले, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी लहान मुले वाहणारी ही ठेंगणी, काटक जनावरे म्हणजेच भीमथडी घोडे. भीमा नदीच्या खोऱ्यावरून त्यांना हे नाव मिळाले आणि मराठ्यांच्या घोडदळाशीही ते जोडले गेले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून त्यांची नोंद केली ती अगदी अलीकडे, २०२४ च्या सुमारास.

मोतीचा जन्म २००५ च्या हिवाळ्यात अशाच एका वाड्यात, कोकणातल्या मुक्कामात झाला. त्याची आई करड्या रंगाची, ओझ्याची घोडी होती आणि बाप दुसऱ्या वाड्याचा तांबूस घोडा होता. २००७ मध्ये मालकाच्या वडिलांनी त्याला विकत घेतले, तेव्हा तो गडद तपकिरी होता आणि डोळ्यांभोवती थोडे पांढरे केस तेवढे दिसत होते. त्यांनी अंगावरचे भोवरे पाहिले, दात पाहिले, पण पसंती दिली ती सरळ पायांना आणि कठीण, काळ्या खुरांना. त्याच्या आईविषयी त्यांनी काही विचारले नाही आणि वाड्यानेही आपणहून सांगितले नाही. या प्रकरणात पुढे जे घडले त्यातील पहिली उणीव येथे आहे.

शर्यतीची वर्षे

पूर्ण वाढ झाल्यावर मोतीची उंची खांद्याशी तेरा हात, म्हणजे सुमारे १३२ सेंटिमीटर भरली. घोड्याच्या मापातील हात चार इंचांचा असतो आणि साडेचौदा हातांच्या आतील घोडा ठेंगणा मानला जातो, त्यामुळे मोती या वर्गातही मध्यम आकाराचाच होता. किनाऱ्यावरील घोडागाडीच्या शर्यतीत उंचीचा फारसा लाभ नसतो. ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या पुळणीवर ओल्या, घट्ट वाळूचा अरुंद पट्टा असतो. त्यावरून गाडी भुसभुशीत वाळूकडे किंवा पाण्याकडे न भरकटू देता नेणे हे घोड्याच्या पावलाचे आणि मनाच्या स्थैर्याचे काम असते. शर्यतीची वेळही समुद्रच ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या किनाऱ्यावर भरती दुपारी आणि मध्यरात्री येते व ओहोटी सकाळ-संध्याकाळ लागते, म्हणून मोठ्या शर्यती त्या तिथींच्या आसपास, ऊन उतरल्यावर ठेवल्या जात.

२०१० पासून चार वर्षे मोती गावाच्या व आसपासच्या शर्यतींत हरला नाही. या काळात त्याचा रंग उजळत गेला आणि २०१३ मधील छायाचित्रांत तो जवळपास पांढरा दिसतो. त्याचा वेग प्रसिद्ध होता, पण ज्यांनी त्याला हाकले त्यांच्या बोलण्यात दुसराच गुण अधिक येतो: गर्दी, ताशे आणि लाटांचा आवाज यांत तो बुजत नसे आणि शर्यत संपताच लगाम न ओढता पावलावर येत असे. हा गुण पुढे त्याच्या अनेक शिंगरांत दिसला, आणि लेखकाच्या मते त्याच्या वारशातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

पैदाशीकडे वळण

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. गावात बैलगाड्या आणि घोडागाड्या एकाच दिवशी, एकाच समितीच्या देखरेखीखाली पळत असल्याने समितीने सगळाच दिवस बंद केला. मोती तेव्हा नऊ वर्षांचा, ऐन उमेदीत होता. कुटुंबाने त्याला पर्यटकांच्या गाडीला जुंपणे नाकारले, आणि तोपर्यंत अधूनमधून चालणारे घोड्या फळवण्याचे काम हेच त्याचे मुख्य काम झाले. मोबदला कधी रोख, कधी हरभऱ्याचे पोते, तर कधी अर्धेलीने म्हणजे शिंगराच्या अर्ध्या वाट्याने ठरत असे.

येथे पहिला मोठा निर्णय झाला, जरी तो निर्णय आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. मोतीकडे येणाऱ्या घोड्यांची संख्या वाढली तशी पंचक्रोशीतील इतर अंडील, म्हणजे खच्ची न केलेल्या, घोड्यांची गरज उरली नाही. ते पर्यटकांच्या सवारीला शांत असावेत म्हणून खच्ची केले गेले किंवा विकले गेले. कोणाही एका मालकाचा निर्णय चुकीचा नव्हता. अंडील घोडा सांभाळणे खर्चाचे आणि धोक्याचे असते. मात्र २०१७ पर्यंत खाडीच्या अलीकडील पाच-सहा गावांत पैदाशीला योग्य असा दुसरा घोडा राहिला नव्हता.

अडचण कशी दिसू लागली

२०१७-१८ च्या हंगामात जन्मलेल्या शिंगरांपैकी तीन सदोष निघाली. एकाचे पुढचे पाय वाकडे होते, एकाचा वरचा जबडा खालच्यापेक्षा पुढे आला होता आणि एका नर शिंगराचा एक वृषण पोटातून खाली उतरला नव्हता. तिन्ही मोतीची होती. गावात लगेच दोन तट पडले: एका बाजूच्या मते घोडा उतरणीला लागला होता, तर दुसऱ्या बाजूच्या मते घोड्या निकृष्ट होत्या.

लेखकाच्या तपासणीत तिन्ही दोषांचे मूळ एकच आहे असे दिसले नाही, आणि हे वेगळे करून सांगणे त्या वेळी फार गरजेचे होते. वाकड्या पायांचे शिंगरू ज्या घोडीचे होते ती घोडी गाभण असताना आणि शिंगरू वाढताना जवळजवळ पूर्णपणे भाताच्या पेंढ्यावर आणि कोंड्यावर होती. भाताच्या कोंड्यात कॅल्शियमच्या दहापटीहून अधिक स्फुरद असते. असा कोंडा मुख्य खाद्य म्हणून दिला की शरीर हाडांतील कॅल्शियम काढून समतोल राखू पाहते आणि हाडे ठिसूळ व बेढब होतात. किनाऱ्यावर गिरणीतून कोंडा सहज मिळतो आणि चंदीच्या हरभऱ्याचा भाव चढला की कोंड्याचे प्रमाण वाढत जाते. त्या मालकाला कोंडा कमी करून चुनखडीची भुकटी आणि शेंगवर्गीय हिरवा चारा सुचवण्यात आला. पुढच्या वेताला त्याच घोडीला मोतीपासूनच झालेले शिंगरू सरळ पायांचे निघाले. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, तरीही पहिल्या शिंगराचा दोष रक्तावर ढकलण्याची घाई टळली हे योग्य झाले.

जबड्याचा आणि वृषणाचा दोष मात्र वेगळ्या प्रकारचा होता. या दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा असू शकतो. असा दोष मोती स्वतः निरोगी असूनही त्याच्याकडून उतरला असेल, घोडीकडून उतरला असेल किंवा दोघांकडून. हे ठरवण्यासाठी या माद्यांची आई कोण, आजी कोण हे माहीत असावे लागते, आणि ते कोणालाच माहीत नव्हते. प्रत्येक मालक आपले शिंगरू मोतीचे आहे हे अभिमानाने सांगत होता. आईचे नाव विचारले की ‘आमचीच, तांबडी’ एवढेच उत्तर मिळत होते. एका घरी तर दोन तांबड्या होत्या.

याच सुमारास शेजारच्या गावातील एका मालकाने मोतीची तीन वर्षांची मुलगी मोतीलाच दाखवावी अशी मागणी केली. ‘असाच दुसरा मोती व्हायला हवा, तर रक्त दुप्पट करायला हवे,’ असे त्याचे म्हणणे होते. मालकाचा थोरला मुलगा त्यास अनुकूल होता आणि धाकटा विरुद्ध होता. वडिलांनी दोघांनाही थांबवून लेखकाला बोलावले.

रंगाचा प्रश्न

या मागणीमागे शर्यतीइतकाच रंगही होता. वरातीला आणि पालखीपुढे पांढरा घोडा हवा असतो आणि पांढऱ्या शिंगराला बाजारात अधिक किंमत येते. मोतीची निम्मी शिंगरे जन्मतः गडद असून पुढे उजळत होती आणि निम्मी तांबूसच राहत होती. मुलगी बापाला दाखवली तर पांढऱ्यांचे प्रमाण वाढेल हा मालकाचा अंदाज बरोबर होता. त्याच कारणाने तो चिंताजनकही होता.

जन्मतः गडद असून वयाबरोबर पांढऱ्या होणाऱ्या घोड्यांत एक प्रभावी जनुक काम करते. त्याची एक प्रत असली तरी घोडा पांढरा होतो. मोतीच्या शिंगरांत दोन्ही रंग येत होते, म्हणजे त्याच्याकडे एकच प्रत होती. ती त्याच्या करड्या आईकडून आली, हे वाड्याच्या कारभाऱ्यांना विचारल्यावर कळले. पांढऱ्या मुलीशी संकर केला तर सरासरीने चारपैकी एका शिंगरात दोन्ही प्रती येतात. अशी शिंगरे लवकर आणि अधिक शुभ्र होतात, पण त्यांच्या कातडीत काळ्या रंगपेशींच्या गाठी होण्याचा धोकाही अधिक असतो. या रंगबदलास कारणीभूत असलेला जनुकीय बदल २००८ मध्ये ओळखला गेला आणि तोच या गाठींशीही निगडित असल्याचे दिसून आले. पंधरा वर्षांहून मोठ्या पांढऱ्या घोड्यांपैकी बहुसंख्य घोड्यांत शेपटीखाली, गुदद्वाराभोवती किंवा कानामागील ग्रंथीपाशी अशा गाठी आढळतात. त्या वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकतात, आणि कधी आतही पसरतात.

मोतीच्या शेपटीच्या मुळाशी दोन बारीक, कठीण गाठी त्या दिवशी तपासणीतच सापडल्या. तो तेरा वर्षांचा होता. आधी त्या चामखिळी समजल्या गेल्या होत्या. थोरल्या मुलाचे मत बदलण्यास इतर कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा या गाठी अधिक कारणीभूत ठरल्या.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मागणीप्रमाणे चालू ठेवण्याचा होता. बाप-मुलीच्या संकरातून होणाऱ्या शिंगराचा अंतःप्रजनन गुणांक पंचवीस टक्के असतो, म्हणजे त्याच्या दर चार जनुकजोड्यांपैकी सरासरी एक जोडी एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीची असते. चांगला गुण असा पक्का होऊ शकतो, तसाच दडलेला दोषही पक्का होतो. त्याहून गंभीर बाब पंचक्रोशीची होती. चाळीस घोड्या आणि एकच घोडा असला तर पैदाशीच्या हिशेबाने त्या समूहाची परिणामकारक संख्या, म्हणजे रक्ताच्या विविधतेच्या दृष्टीने तो जितक्या जनावरांएवढा ठरतो ती संख्या, चारही भरत नाही. तेच घोडे चार ठेवले तर ती साडेचौदाच्या आसपास जाते. चाळीस घोड्यांचा कळप मोठा दिसतो, पण एका नरावर उभा असेल तर पिढीगणिक त्याचे रक्त बारा-तेरा टक्क्यांनी आटते. हा हिशेब कुटुंबापुढे वहीवर मांडला गेला आणि धाकट्या मुलाने तो पुन्हा स्वतः करून पाहिला.

दुसरा पर्याय मोतीला तत्काळ खच्ची करण्याचा होता. त्याने पैदास थांबली असती, पण पर्यायी घोडा नसल्याने घोड्यांचे मालक मोतीच्या कोणत्याही अंडील मुलाकडे गेले असते आणि सावत्र भावंडांचे संकर सुरू झाले असते. शिवाय त्या वयात शस्त्रक्रियेचा धोका पत्करण्याचे कारण नव्हते.

तिसरा पर्याय मारवाडी किंवा काठियावाडी घोडा आणण्याचा होता आणि काही तरुण मालकांना तो आकर्षक वाटत होता. ठेंगण्या घोडीला मोठ्या घोड्याचे शिंगरू अडेल ही भीती फारशी खरी नाही. १९३८ मध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी केंब्रिज येथे प्रचंड आकाराच्या शायर आणि बुटक्या शेटलंड घोड्यांचे दुतर्फा संकर करून शिंगराचा जन्मावेळचा आकार मुख्यतः आईच्या आकाराने ठरतो हे दाखवले होते. खरी अडचण नंतरची होती. वाढलेल्या उंच घोड्याला अधिक चंदी लागते, किनाऱ्यावरील हलक्या गाड्यांना तो जुळत नाही आणि कोकणातील चार महिन्यांच्या दमट पावसाळ्यात तो सांभाळणे कठीण जाते. ठेंगण्या जनावराचा काटकपणा घालवून उंची मिळवणे लेखकाला आजही योग्य वाटत नाही.

चौथा पर्याय मोतीचे वीर्य गोठवून ठेवण्याचा होता. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील विभागात असे काम होते. परंतु त्यासाठी घोड्याला कृत्रिम साधनाची सवय लावावी लागते, प्रवास करावा लागतो, आणि पुढे घोडी नेमकी कधी फळेल हे सोनोग्राफीने पाहणारा माणूस जवळ असावा लागतो. तो नसताना गोठवलेले वीर्य केवळ साठवून राहते. हा पर्याय खर्च आणि सोय या दोन्हींमुळे मागे पडला.

पाचवा पर्याय कोणाच्या मनात नव्हता. तो वाड्याच्या कारभाऱ्यांच्या एका प्रश्नातून निघाला. मोतीच्या आईची चौकशी करण्यासाठी मालक आणि लेखक त्यांच्या पालावर गेले असता कारभाऱ्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘दादा, एवढी घोडी हाय तुमच्याकडं, मग आमचा घोडा चार म्हैनं हितंच आसतोय, त्याला का न्हाय कुणी इचारत?’

निर्णय आणि अंमलबजावणी

हा पर्याय जितका सोपा होता तितकाच या प्रदेशाच्या ऋतुचक्रात बसणारा होता. वाडा दिवाळीनंतर येतो आणि पावसाआधी जातो. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो, म्हणून पौष ते फाल्गुन या काळात फळलेली घोडी पुढच्या वर्षी मार्गशीर्ष ते माघ या दरम्यान, कोरड्या व थंड हवेत व्यायते. या अक्षांशावर बऱ्याच घोड्या हिवाळ्यातही माजावर येतात, त्यामुळे वेळ जुळते. घाटावरचा घोडा कोकणात पावसाळ्यात ठेवावा लागत नाही, हा आणखी एक लाभ होता. भातखाचरे, गुरे आणि डास एकत्र असलेल्या भागात गुरांमधील एका कृमीच्या अळ्या डासांमार्फत घोड्याच्या मज्जारज्जूत शिरतात आणि कुमरी हा कमरेचा पक्षाघात होतो. पावसाळ्याअखेर गोमाश्यांमुळे सर्रा रोगाची भीतीही वाढते. बाहेरचा घोडा या काळात घाटावरच असणे चांगले.

२०१८ च्या शेवटी पुढील गोष्टी ठरल्या. मोतीला त्याची मुलगी किंवा नात दाखवायची नाही आणि बाहेरच्या घोड्या वर्षाला मोजक्याच घ्यायच्या. वाड्याचा अंडील घोडा हंगामापुरता तीन गावांतील घोड्यांना उपलब्ध असेल आणि त्याच्या बदल्यात वाड्याला दर हंगामी एक मादी शिंगरू मिळेल. मादी शिंगराची अट कारभाऱ्यांनीच घातली. ओझ्याच्या कळपात मादीला किती किंमत असते हे किनाऱ्यावरील मंडळींना त्या निमित्ताने प्रथमच कळले. घोडा गावात उतरण्यापूर्वी त्याच्या रक्ताची ग्लँडर्ससाठी तपासणी करून घेण्यात आली. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित जनावर कायद्यानुसार नष्ट करावे लागते, म्हणून या अटीवर कोणतीही सवलत दिली गेली नाही.

सर्वांत अवघड काम वहीचे होते. प्रत्येक घोडीचे नाव, वय, रंग, पायांच्या व कपाळाच्या खुणा, तिची आई आणि तिला दाखवलेला घोडा अशी नोंद धाकट्या मुलाने सुरू केली. ज्यांच्या घरी ‘तांबडी’ एवढेच नाव होते त्यांच्या घोड्यांना नावे देण्यापासून ही सुरुवात झाली. काही मालकांनी माहिती देण्यास नकार दिला, कारण शिंगरू मोतीचे असल्याचे सांगून ते आधीच विकलेले होते आणि खरे उघड होईल अशी त्यांना भीती होती. केसांच्या मुळांवरून पितृत्व तपासता येते हे त्यांना माहीत होते. वहीचा उपयोग कोणाला खोटे ठरवण्यासाठी होणार नाही, असे वडिलांनी चार लोकांसमोर सांगितल्यावर त्यांपैकी बरेच जण पुढे आले.

२०२० चा उन्हाळा

या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, पर्यटन थांबले आणि गाडीच्या घोड्यांची चंदी बंद पडली. वाड्यालाही परतीचा मार्ग नेहमीसारखा मोकळा नव्हता. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि मोतीच्या तबेल्याचे छप्पर उडाले. कुटुंबाने आदल्या रात्रीच घोड्यांना दावणीतून सोडून टेकडीच्या आडोशाला नेले होते, त्यामुळे जनावरे वाचली. नंतरच्या आठवड्यांत चारा नसल्याने घोडे पुळणीवर आणि बागांच्या कडेला खुरटे गवत ओरबाडत राहिले आणि दोघांना पोटात वाळू साचून पोटशूळ झाला. त्यात मोतीही होता. तो बरा झाला, पण त्याचे वजन पूर्ववत झाले नाही.

त्या वर्षी चार मालकांनी आपल्या घोड्या विकल्या. वहीत नोंद असल्याने कोणत्या माद्या मोतीपासून दूरच्या रक्ताच्या आहेत हे माहीत होते, आणि त्यांपैकी दोन घोड्या मालकाच्या कुटुंबाने, स्वतःची गाडी विकून, गावातच राखल्या. या प्रकरणातील सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय लेखक यालाच मानतो. त्या अडचणीच्या काळात मोतीची मुले विकत घेण्यास बाहेरचे ग्राहक तयार होते; त्या दोन अनोळखी घोड्यांना मात्र कोणीही विचारले नसते.

परिणाम

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरवले. गावाचा शर्यतीचा दिवस पुन्हा सुरू झाला, तशी मोतीच्या रक्ताची मागणी एकदम वाढली. २०२२ च्या हंगामात कुटुंबाला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मोबदला देऊ करण्यात आला. तोपर्यंत मोतीच्या शेपटीखालील गाठी वाढल्या होत्या. कुटुंबाने त्याला पैदाशीतून पूर्ण निवृत्त केले आणि त्याच्या मुलांपैकी दोघांनाच अंडील ठेवले: एक तांबूस, एक करडा, दोघेही वेगवेगळ्या आणि वहीत नोंदलेल्या घोड्यांचे. अधिक वेगवान असलेल्या तिसऱ्या मुलाच्या आईची ओळख पटली नाही, म्हणून तो खच्ची करण्यात आला. त्यावरून नाराजी झाली आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही.

मोती २०२३ च्या पावसाळ्यानंतर गेला. गाठींनी मलमार्ग अडला होता आणि वेदना आवरत नव्हत्या. कुटुंबाच्या संमतीने त्याला दयामरण देण्यात आले. वय अठरा होते.

वाड्याच्या घोड्यापासून झालेल्या पहिल्या शिंगरांची वाढ आता पूर्ण झाली आहे. त्यांत जबड्याचा किंवा वृषणाचा दोष दिसलेला नाही, पण संख्या लहान असल्याने यावरून निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. मोतीच्या नाती आणि वाड्याचा घोडा यांच्या शिंगरांत गर्दीत न बुजण्याचा स्वभाव टिकून आहे असे हाकणारे सांगतात. गाडीला जुंपण्याच्या पहिल्या दिवसांत तो लेखकानेही पाहिला आहे.

वेगळे काय करता आले असते

ठेंगण्या घोड्यांच्या इतिहासात अशी उदाहरणे नवीन नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे १७८९ मध्ये जन्मलेला आणि पुढे व्हरमाँट येथे नेलेला फिगर हा सुमारे चौदा हातांचा घोडा ओंडके ओढत असे, शर्यती जिंकत असे आणि पैदासही करत असे. शर्मन, बुलरश आणि वुडबरी या त्याच्या तीन मुलांवर मॉर्गन ही जात उभी राहिली. मुलांची नावे आजही सांगितली जातात. त्याच्याकडे आणलेल्या शेतकऱ्यांच्या घोड्यांविषयी फारच थोडे ठाऊक आहे. आयर्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावरील कॉनेमारा घोड्यांच्या बाबतीत १९२३ मध्ये पैदासकारांची संस्था स्थापन झाली आणि नरांबरोबर माद्यांचीही पाहणी करून वंशनोंद सुरू झाली. तेथील पहिल्या क्रमांकाचा कॅनन बॉल हा शर्यतीचाच घोडा होता, पण तो एकटा राहिला नाही.

मोतीच्या प्रकरणात दोन जागी वेगळा निर्णय शक्य होता. २००७ मध्ये घोडा घेताना वाड्याशी नाते विक्रीपुरते न ठेवता आई आणि बहिणींची माहिती घेतली असती, तर रंगाचा आणि त्याबरोबर येणाऱ्या गाठींचा अंदाज दहा वर्षे आधी आला असता. २०१४ नंतर, मोतीला पैदाशीत पूर्णपणे उतरवतानाच, पंचक्रोशीतील दोन तरी अंडील घोडे सामायिक खर्चाने राखले असते, तर २०१८ मध्ये बाहेरून घोडा आणण्याची निकड निर्माण झाली नसती. अंडील घोड्याचा खर्च एका घराने सोसणे कठीण आहे, पण तीन गावांनी मिळून चंदीचे पोते आणि खरारा-नालाचा खर्च वाटून घेणे कठीण नव्हते. वाड्याच्या घोड्याच्या बाबतीत तीच गावे आता तेच करत आहेत.

एक प्रश्न अजून खुला आहे. करड्या मुलाला पुढील हंगामात करड्या घोड्या दाखवायच्या की नाहीत याविषयी गावात एकमत नाही. वहीतील नोंदीप्रमाणे तूर्त त्याला तांबूस घोड्याच दाखवल्या जात आहेत आणि दर वर्षी कार्तिकात, वाडा उतरल्यावर, कारभाऱ्यांना बोलावून या यादीवर पुन्हा विचार होतो.